घोरणं, दाह आणि मायक्रोआरएनए : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झोपेत श्वास अडकण्याच्या आजाराची, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निआची, तपासणी करणाऱ्या स्लीप स्टडीचा अहवाल हातात पडला की घरातलं कुणीतरी मोबाइल घेऊन शोधायला बसतं, आणि थोडं खोलात गेलं की 'मायक्रोआरएनए' हा शब्द आडवा येतो. त्यापाठोपाठ रक्ताच्या एका थेंबात निदान, नवी औषधं, जनुकीय चाचण्या असं बरंच काही. त्यातलं खरं किती, अर्धवट किती आणि आज रुग्णाच्या कामाचं किती, हे वेगळं करून सांगण्यासाठी हे पान आहे. काही उत्तरं रुग्णांसाठी आहेत, काही जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी. ज्याला जे हवं ते त्यानं वाचावं, बाकीचं खुशाल सोडून द्यावं.

स्लीप अ‍ॅप्निआत रात्री नेमकं काय घडतं?

ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निआत छाती आणि पोट श्वास ओढायची धडपड करत असतात, पण झोपेत सैल पडलेला घशाचा मऊ भाग आत ओढला जातो आणि हवेची वाट बंद होते. किमान १० सेकंद हवा थांबली तर त्याला अ‍ॅप्निआ म्हणतात. हवा पूर्ण न थांबता तिचा प्रवाह ३० टक्के किंवा त्याहून जास्त घटला आणि सोबत ऑक्सिजन उतरला किंवा झोप चाळवली, तर तो हायपोप्निआ. दोन्ही मिळून तासाला सरासरी किती वेळा घडलं, तो आकडा म्हणजे अहवालातला एएचआय. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० आणि त्यापुढे तीव्र.

एएचआय ४० असेल तर दर दीड मिनिटाला एकदा. अहवालाच्या पानावर ऑक्सिजनचा आलेख असतो, तो जरूर पाहा. ९५ वरून ८४, लगेच वर ९५, पुन्हा खाली ८२, पुन्हा वर, असं पानभर. एएचआयच्या आकड्यापेक्षा हा आलेख पुढच्या सगळ्या चर्चेसाठी जास्त महत्त्वाचा आहे.

श्वास अडकतो घशात, मग अंगभर दाह (इन्फ्लमेशन) कसा होतो?

ऑक्सिजन नुसता कमी होणं आणि तो सारखा खालीवर होणं, या शरीराच्या दृष्टीनं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंच डोंगरावर राहणाऱ्या माणसाला ऑक्सिजन सतत कमी मिळतो आणि पेशी हळूहळू त्याच्याशी जुळवून घेतात. त्या जुळवणीचं काम एचआयएफ-१ नावाचं प्रथिन पाहतं. ते तांबड्या पेशी वाढवणारं इरिथ्रोपोएटिन आणि नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे घटक कामाला लावतं. स्लीप अ‍ॅप्निआत मात्र ऑक्सिजन उतरतो आणि दर वेळी एकदम परत येतो. या परत येण्याच्या क्षणी पेशींत ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू तयार होतात आणि एनएफ-कप्पा-बी हा दाहाचा मुख्य कारभारी जागा होतो. मग टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६, इंटरल्युकिन-८ असे संदेश सुटतात, रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटायला लागतात.

डब्लिनच्या संशोधकांनी २००५ मध्ये हे नेटकेपणानं दाखवलं. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना त्यांनी आलटून पालटून कमी-जास्त ऑक्सिजन दिला. एनएफ-कप्पा-बी जागा झाला, एचआयएफ-१ ची जुळवणी मात्र तशी सुरू झाली नाही. त्यांच्या रुग्णांतही चित्र तसंच होतं. टीएनएफ-अल्फा वाढलेला, इरिथ्रोपोएटिन जागच्या जागी. सीपॅप (झोपेत मास्कमधून दाबानं हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) लावल्यावर टीएनएफ-अल्फा खाली आला.

ही धग मंद असते. ताप नाही, लाली नाही, दुखत नाही. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही आणि वर्षानुवर्षं चालू राहते.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

जनुकात प्रथिनाची कृती असते. त्या कृतीची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए. ती वाचून पेशी प्रथिन तयार करते. मायक्रोआरएनए हा साधारण २२ अक्षरांचा अगदी छोटा आरएनए. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. तो संदेशवाहक आरएनएच्या शेपटाकडच्या भागाला जाऊन चिकटतो आणि त्या नकलेचं वाचन रोखतो किंवा ती नक्कलच मोडीत काढायला लावतो. जनुक शाबूत राहतं, फक्त त्याचा आवाज कमी होतो.

चिकटण्यासाठी २२ च्या २२ अक्षरं जुळावी लागत नाहीत. दुसऱ्या ते आठव्या अक्षरापर्यंतचा तुकडा जुळला की बहुधा काम भागतं. म्हणूनच एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांवर थोडा थोडा परिणाम करतो आणि एकाच जनुकावर अनेक मायक्रोआरएनएंचा डोळा असतो. 'अमुक मायक्रोआरएनए म्हणजे अमुक आजार' अशी सरळ जोडी त्यामुळे लावता येत नाही. बातम्यांचे मथळे ती सर्रास लावतात, ते सोडा.

२०२४ चं नोबेल मिळालं ते हेच का?

हो, हेच. व्हिक्टर अ‍ॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांना. त्यांचं मूळ काम १९९३ चं, एक मिलिमीटर लांबीच्या सी. एलेगन्स नावाच्या कृमीवरचं. लिन-४ हा पहिला मायक्रोआरएनए त्यात सापडला. तेव्हा बहुतेकांना वाटलं, हा त्या कृमीचाच काहीतरी खासगी मामला असेल. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाला लेट-७ सापडला आणि तो माणसासकट बहुतेक प्राण्यांत आहे हे दिसलं, तेव्हा सगळे धावले.

पेशीत तो तयार कसा होतो? (विद्यार्थ्यांसाठी, बाकीच्यांनी पुढे जावं)

केंद्रकात आधी लांबलचक धागा तयार होतो. ड्रोशा नावाचं विकर डीजीसीआर-८ च्या मदतीनं त्यातून सुमारे ७० अक्षरांचा, केसाच्या आकड्यासारखा वाकलेला तुकडा कापतं. एक्सपोर्टिन-५ तो केंद्रकाबाहेर नेतं. बाहेर डायसर त्याचं वाकण छाटतं, दुहेरी तुकडा उरतो, आणि त्यातली एक बाजू आर्गोनॉट प्रथिनात जाऊन बसते. या जोडीभोवती बनलेल्या यंत्रणेला रिस्क म्हणतात. नावापुढचं ३पी किंवा ५पी हे दुहेरी तुकड्यातली कुठली बाजू ते सांगतं. शोधनिबंध वाचताना ते गाळू नका, कारण दोन बाजूंची लक्ष्यं वेगवेगळी असतात.

दाहाशी संबंध असलेले मायक्रोआरएनए कोणते?

यादी लांब आहे आणि दरवर्षी वाढते. नुसती नावं पाठ करण्यात अर्थ नाही. चारपाच नीट समजून घेतले तर बाकीच्यांची रीत कळते. (पुढे 'मिर' म्हणजे मायक्रोआरएनए, त्यापुढचा आकडा हे त्याचं नाव.)

मिर-१४६ए पासून सुरुवात करू, कारण दाहाचं गणित त्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं. २००६ मध्ये डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की पांढऱ्या पेशींना जिवाणूच्या कवचातला पदार्थ दिला की एनएफ-कप्पा-बी जागा होतो आणि तोच मिर-१४६ए ची निर्मिती वाढवतो. आणि मिर-१४६ए काय करतो, तर ट्राफ-६ आणि आयरॅक-१ या दोन प्रथिनांना आवर घालतो. हीच दोन प्रथिनं एनएफ-कप्पा-बीला जागं करणाऱ्या साखळीत असतात. म्हणजे दाह सुरू होतानाच स्वतःला घालायचा लगामही घडवून घेतो. जंतुसंसर्ग येतो आणि जातो, तेव्हा ही व्यवस्था छान चालते. पण रात्रीतून दोनतीनशे वेळा, वर्षातल्या प्रत्येक रात्री जर चेतावणी मिळत राहिली, तर लगाम पुरा पडतो का? स्लीप अ‍ॅप्निआतल्या मायक्रोआरएनएंच्या संशोधनाचा गाभा मला तरी याच प्रश्नात दिसतो.

मिर-१५५ उलट्या बाजूचा. तोही दाहातच वाढतो, पण सॉक्स-१ सारख्या दाह शमवणाऱ्या प्रथिनांना दाबतो, म्हणून आगीत तेल पडतं. उंदरांवर आणि मूत्रपिंडाच्या पेशींवर खालीवर ऑक्सिजनाचे प्रयोग झाले, त्यात मिर-१५५ वाढला. त्यानं फॉक्सो-३ए या संरक्षक प्रथिनाला दाबलं आणि एनएलआरपी-३ ही दाह पेटवणारी यंत्रणा सुरू झाली. स्लीप अ‍ॅप्निआच्या रुग्णांत मूत्रपिंडाचे त्रास जास्त का दिसतात, याचा एक धागा इथून मिळतो. एकच धागा, पूर्ण उत्तर नव्हे.

मिर-१२६ रक्तवाहिन्यांच्या अस्तरात भरपूर असतो आणि व्हीकॅम-१ ला आवरतो. व्हीकॅम-१ हे पांढऱ्या पेशींना चिकटायला जागा देणारं प्रथिन. मिर-१२६ घटला की अस्तर चिकट होतं, आणि धमन्यांत चरबीचे थर बसण्याची सुरुवात अशाच चिकटपणातून होते.

मिर-२१० ला ऑक्सिजनच्या टंचाईचा मायक्रोआरएनए म्हणूनच ओळखतात. एचआयएफ-१ त्याला वाढवतं आणि तो मायटोकाँड्रियातल्या आयएससीयू या प्रथिनाला खाली आणून पेशीचा ऑक्सिजनचा खर्च कमी करतो. तात्पुरती काटकसर म्हणून ते ठीक, पण अस्तराच्या पेशींत हीच काटकसर लांबली तर त्या नीट काम करेनाशा होतात.

मिर-२१ बद्दल खाली स्वतंत्र प्रश्न आहे, कारण त्यानं सगळ्यांनाच गोंधळात टाकलंय.

हे तर पेशीच्या आतले रेणू. मग रक्तात कसे सापडतात?

आरएनए रक्तात उघडा सोडला तर विकरं काही क्षणांत त्याचा चुराडा करतात. पण मायक्रोआरएनए उघडे फिरत नाहीत. काही आर्गोनॉट प्रथिनाला धरून असतात, काही एक्सोसोम नावाच्या सूक्ष्म पुड्यांत बंद. पेशी या पुड्या बाहेर सोडतात आणि दूरची दुसरी पेशी त्या आत घेते. म्हणजे फुप्फुसातल्या किंवा चरबीतल्या पेशीनं बांधलेली पुडी हृदयाच्या धमनीत उघडू शकते.

हे कल्पनेतलं नाही. डेव्हिड गोझाल आणि अब्देलनबी खलीफा यांच्या गटानं २०१६ मध्ये स्लीप अ‍ॅप्निआ असलेल्या मुलांच्या रक्तातल्या अशा पुड्या तपासल्या. ज्या मुलांच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर नीट काम करत नव्हतं, त्यांच्या पुड्यांत मिर-६३० कमी होता. त्या पुड्या प्रयोगशाळेतल्या निरोगी अस्तर-पेशींवर सोडल्या तर त्या पेशीही बिघडल्या. मिर-६३० ची भर घातल्यावर सुधारल्या. नुसतं 'हे वाढलेलं, ते घटलेलं' असं सांगणाऱ्या अभ्यासांच्या ढिगात हा प्रयोग मला वेगळा वाटतो. कारण आणि परिणाम जोडायचा प्रयत्न त्यात आहे. शिवाय ती मुलं होती. वीस वर्षांचा मधुमेह, सिगारेट, रक्तदाबाच्या गोळ्या असा पसारा मुलांच्या रक्तात नसतो.

लहान मुलांनाही हा आजार होतो?

होतो. त्यांच्यात बहुतेकदा टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइड वाढलेले असतात. तोंड उघडं ठेवून झोपणं, रोज घोरणं, अंथरूण ओलं करणं, शाळेत चित्त नसणं, चिडचिड. 'बाबांसारखाच घोरतो' म्हणून घरात कौतुकानं हसण्यावारी नेलं जातं. तसं करू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.

मग रक्त तपासून स्लीप अ‍ॅप्निआचं निदान होईल का?

आज नाही. कुठल्याही मान्य मार्गदर्शक सूचनांत अशी चाचणी नाही. कुणी तुम्हाला 'मायक्रोआरएनए पॅनेल' विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. निदान झोपेच्या चाचणीनंच होतं, रुग्णालयातल्या पॉलिसोम्नोग्राफीनं किंवा योग्य रुग्णात घरी लावायच्या छोट्या यंत्रानं.

संशोधन मात्र जोरात आहे. स्पेनमधल्या येईदा शहरातल्या गटानं २०१९ मध्ये पुरुषांच्या रक्तातल्या सहा मायक्रोआरएनएंचा संच मांडला. त्यात मिर-१८१ए, मिर-१९९बी, मिर-३४५, मिर-१३३ए, मिर-३४० आणि मिर-४८६-३पी होते. चीनमधल्या एका गटानं त्याआधी चारांचा संच दिला होता, मिर-१०७, मिर-१९९ए-३पी, मिर-४८५-५पी आणि मिर-५७४-५पी. दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. एकही नाव सामाईक नाही.

तसं का? मिर-२१ एका अभ्यासात वाढलेला आणि दुसऱ्यात घटलेला कसा?

यात लबाडी नाही, पण कारणं बरीच आहेत आणि त्यातली काही अगदी क्षुल्लक दिसणारी आहेत.

पहिलं, मोजलं कशात? प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पातळ भागात), सीरममध्ये (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात), पांढऱ्या पेशींत की एक्सोसोममध्ये? एकाच माणसात चारही ठिकाणी वेगळं चित्र दिसू शकतं. पेशीनं मिर-२१ भराभर बाहेर टाकला तर पेशीत घट आणि प्लाझ्मात वाढ.

दुसरं, सुई. रक्त काढताना शिर नीट सापडली नाही, सिरिंज जोरात ओढली, नळी हलवून हलवून आपटली, की थोड्या तांबड्या पेशी फुटतात. तांबड्या पेशींत मिर-४५१ए, मिर-१६ आणि मिर-४८६-५पी ठासून भरलेले असतात. प्लाझ्मा डोळ्यांना जेमतेम गुलाबी दिसायच्या आत हे आकडे कितीतरी पटींनी चढतात. मग शोधनिबंधात 'रुग्णांत मिर-४५१ए वाढलेला' असं छापून येतं आणि खरं कारण त्या सकाळी कुणी रक्त काढलं हे असू शकतं! यावर उपाय आहे. मिर-४५१ए आणि मिर-२३ए-३पी यांतला फरक मोजायचा. दुसरा तांबड्या पेशी फुटण्यानं फारसा बदलत नाही, म्हणून फरक फार वाढला की नमुना बाद. जुन्या निबंधांत ही तपासणी केल्याचा उल्लेख क्वचित सापडतो.

तिसरं, तुलना कशाशी? पीसीआरमध्ये (मायक्रोआरएनए मोजायच्या नेहमीच्या पद्धतीत) कुठल्यातरी स्थिर रेणूच्या तुलनेत मोजावं लागतं, आणि रक्तात सर्वमान्य स्थिर मायक्रोआरएनए असा कुणी नाहीच. अनेकांनी त्यासाठी मिर-१६ वापरला, जो वर सांगितल्याप्रमाणे तांबड्या पेशी फुटल्या की बदलतो. बरेच जण आता कृत्रिमरीत्या बनवलेला सेल-मिर-३९ ठरावीक मात्रेत प्रत्येक नमुन्यात घालतात. हा त्याच सी. एलेगन्स कृमीचा आहे. माणसात तो नसतो, म्हणून आरएनए काढताना किती वाया गेला ते त्यावरून कळतं.

चौथं आणि सगळ्यात मोठं कारण पुढच्या प्रश्नात.

दोष श्वास अडकण्याचा की वजनाचा?

स्लीप अ‍ॅप्निआचे बरेच रुग्ण स्थूल असतात. चरबी, विशेषतः पोटातली, स्वतःच दाहकारक संदेश आणि मायक्रोआरएनएंनी भरलेल्या पुड्या सोडत असते. तेव्हा रुग्णाची तुलना सडपातळ निरोगी माणसाशी केली, तर सापडलेला फरक नक्की कशाचा?

या प्रश्नावर २०१४ मध्ये अमेरिकेत झालेली एक चाचणी अजूनही डोळ्यांत अंजन घालते. वजन जास्त, मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निआ आणि सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) वाढलेलं, अशा १८१ जणांचे तीन गट केले. एकाला सीपॅप, दुसऱ्याला वजन उतरवण्याचा कार्यक्रम, तिसऱ्याला दोन्ही. २४ आठवड्यांनी वजन उतरवणाऱ्या दोन्ही गटांत सीआरपी कमी झालं. नुसत्या सीपॅपच्या गटात ते तसं उतरलं नाही.

याचा अर्थ सीपॅप निरुपयोगी असा मुळीच नाही. दिवसाची झोप, गाडी चालवताना लागणारी डुलकी, रक्तदाब, घरच्यांची झोप, या सगळ्यांवर सीपॅपचा गुण येतो. तिसऱ्या गटातल्या ज्यांनी दोन्ही नेटानं पाळलं, त्यांचा वरचा रक्तदाब सगळ्यांत जास्त उतरला. पण अंगातल्या दाहाचा सगळा ठपका श्वासावर ठेवता येत नाही, एवढं त्या चाचणीनं ठणकावून सांगितलं. डब्लिनच्या टीएनएफ-अल्फाचा निकाल आणि हा निकाल परस्परविरोधी वाटतील. मोजलेले पदार्थ वेगळे आहेत आणि रुग्णांची शरीरंही. वजन जुळवून घेतलेली तुलना नसेल, तर मायक्रोआरएनएचा कुठलाही निबंध मी तरी निम्म्या भरवशानंच वाचतो.

सीपॅप लावल्यावर मायक्रोआरएनए बदलतात का?

काही बदलतात. पण इथली सगळ्यात उपयोगी कल्पना उलट्या दिशेची आहे. सीपॅप सुरू करण्याआधीच्या मायक्रोआरएनएवरून गुण येईल की नाही ते ओळखता येईल का?

स्पेनमधल्या हिपार्को चाचणीत १९४ रुग्ण होते. सगळ्यांना हट्टी रक्तदाब, म्हणजे तीन किंवा जास्त औषधं घेऊनही न उतरणारा. १२ आठवड्यांच्या सीपॅपनं २४ तासांचा सरासरी रक्तदाब ३.१ मिलिमीटरनं उतरला. सरासरी छोटी दिसते, कारण तिच्यात खूप उतरलेले आणि अजिबात न उतरलेले असे दोन्ही लोक मिसळलेले आहेत. मग २०१५ मध्ये त्यातल्या काहींच्या आधीच साठवून ठेवलेल्या रक्तात शोध घेतला, तेव्हा मिर-३७८ए-३पी, मिर-४८६-५पी आणि मिर-१००-५पी या तिघांवरून गुण येणारे आणि न येणारे बऱ्यापैकी वेगळे ओळखता आले. दवाखान्यात वापरण्याआधी हे वेगवेगळ्या देशांतल्या मोठ्या गटांवर पडताळावं लागेल. (मिर-४८६-५पी तांबड्या पेशींतला, हे वरच्या उत्तरातून आठवत असेलच.)

सीपॅपनं हृदयविकार टळतो म्हणतात, खरं का?

ज्यांना आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालाय, त्यांच्यात ते सिद्ध झालेलं नाही. २०१६ च्या सेव्ह चाचणीत २,७१७ रुग्ण होते आणि भारतातलीही केंद्रं होती. सीपॅपनं झटके कमी झाले नाहीत. मात्र रात्री सरासरी ३.३ तासच मास्क लावला गेला होता. झोप सात तासांची आणि मास्क सव्वातीन तास, तर उरलेल्या वेळात ऑक्सिजनची चढउतार चालूच राहते. पहाटेच्या स्वप्नांच्या झोपेत श्वास सगळ्यात जास्त अडकतो, आणि नेमका तेव्हाच मास्क काढून बाजूला ठेवलेला असतो.

आपल्याकडे हा आजार किती आहे?

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात नेहमीच्या आरोग्यतपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. झोपेत श्वास बिघडणं १९.५ टक्क्यांत आणि लक्षणांसह स्लीप अ‍ॅप्निआ ७.५ टक्क्यांत आढळला. हे आजारी म्हणून आलेले लोक नव्हते. जगाचा २०१९ मधला अंदाज ३० ते ६९ वयोगटात ९३ कोटींहून जास्त माणसं असा आहे.

मायक्रोआरएनएवर बेतलेलं औषध आहे का?

स्लीप अ‍ॅप्निआसाठी नाही, आणि दुसऱ्या कुठल्या आजारासाठीही मायक्रोआरएनएचं औषध अजून मान्यता मिळून बाजारात आलेलं नाही. प्रयत्न झाले. हेपटायटिस सी साठी मिर-१२२ ला अडवणारं मिराव्हिर्सेन माणसांत चाललं, पण तेवढ्यात त्या आजारावर साध्या गोळ्या आल्या. कर्करोगासाठी मिर-३४ए ची नक्कल असलेलं एमआरएक्स-३४ तर २०१६ मध्ये थांबवावं लागलं. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीनं भयंकर उसळी घेतली होती. एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात लावतो, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. कोलेस्टेरॉलसाठीचं इन्क्लिसिरन हे एसआयआरएनए आहे. यंत्रणा तीच वापरतं, पण एकाच जनुकावर नेम धरून बनवलेलं. दोन्हींची गल्लत नेहमी होते.

टिर्झेपटाइडचं काय?

ते मायक्रोआरएनएचं औषध नाही, वजन उतरवणारं इंजेक्शन आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत स्थूल रुग्णांतल्या मध्यम ते तीव्र स्लीप अ‍ॅप्निआसाठी त्याला मान्यता मिळाली. चाचण्यांत तासाला २५ ते २९ अडथळे कमी झाले आणि सीआरपीही उतरलं. वर वजनाबद्दल जे म्हटलं त्याला हे धरूनच आहे. भारतात ते २०२५ मध्ये मधुमेह आणि वजनासाठी आलं. डॉक्टरांशिवाय, मित्राला गुण आला म्हणून घेऊ नका.

हळदीनं मायक्रोआरएनए सुधारतात असं वाचलं.

काचेच्या बशीतल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की मिर-२१ सारखे काही बदलतात, हे खरं. पोटातून गेलेली हळद रक्तात तेवढ्या मात्रेत पोचतच नाही. आमटीत घाला, मास्क मात्र काढू नका.

मग मी आता कुठल्या तपासण्या करू?

रोज जोरात घोरत असाल, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी पाहिलं असेल, दिवसा पेंग येत असेल किंवा रक्तदाब औषधांना दाद देत नसेल, तर स्लीप स्टडी. सोबत रक्तदाब, साखर, लिपिड, वजन, मानेचा घेर. सीआरपीनं निदान होत नाही, सर्दी-खोकल्यानंही ते वाढतं. जोडीदारानं मोबाइलवर काढलेला दोन मिनिटांचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. लाजू नका, फार उपयोग होतो.

पीएचडीसाठी हा विषय घ्यावा म्हणतेय. काय सांभाळावं?

नमुने सगळ्यांचे एकाच वेळी घ्या, शक्यतो सकाळी उपाशीपोटी, कारण काही मायक्रोआरएनए घड्याळाप्रमाणे बदलतात. ईडीटीएची नळी वापरा. हेपरिन पीसीआर अडवतं. प्लाझ्मा सेंट्रिफ्यूजमध्ये दोनदा फिरवा, नाहीतर उरलेल्या प्लेटलेट तुमचे मिर-१२६ आणि मिर-२२३ चे आकडे फुगवतील. तांबड्या पेशी फुटल्यात का हे प्रत्येक नमुन्यात तपासा आणि बाद केलेल्यांची संख्या निबंधात लिहा.

तुलनेच्या गटाचं वजन आणि कंबर रुग्णांशी जुळवा. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. जाड पण स्लीप अ‍ॅप्निआ नसलेली माणसं शोधायला महिने जातात, आणि त्यांचीही स्लीप स्टडी करावी लागते, कारण 'मी घोरत नाही' या शब्दावर कुणालाही निरोगी धरता येत नाही. एएचआयऐवजी ऑक्सिजन ९० च्या खाली किती वेळ होता आणि किती वेळा उतरला, हे आकडे वापरून पाहा. दाहाशी खरा संबंध त्या चढउताराचा आहे.

स्त्रियांना घ्या. येईदाचा संच पुरुषांवरच बेतलेला होता, मुंबईचा अभ्यासही पुरुषांचाच. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांत हा आजार झपाट्यानं वाढतो, आणि त्यांच्या रक्तातल्या मायक्रोआरएनएंचं काय होतं यावर काम फार कमी झालंय. गाइडना विचारताना इथूनच सुरुवात करा.